आधी चव, मग सही

भीमाबाई ओव्हाळची सही बघण्यासारखी आहे. नाव संपलं तरी तिचं पेन थांबत नाही. शेवटच्या अक्षराला ती लांबलचक शेपूट काढते आणि ते कागदाच्या कडेला टेकल्यावरच हात उचलते. चिंचटेकच्या शाळेत चौथीला असताना तिनं ही सही घटवली, ती आज अठ्ठावन्नाव्या वर्षीही तशीच. बँकेतल्या एका पोरगेल्या साहेबानं एकदा "आजी, जरा आटोपशीर करा" असं सुचवलं होतं. "जागा तुमची अपुरी हाय साहेब, सही माझी मोठी न्हाई," असं सांगून तिनं शेपूट पुढच्या चौकटीत नेऊन टेकवलं.

सहीची एवढी मिजास असलेल्या बाईनं एक दिवस कोऱ्या कागदावर सही केली. ती का केली आणि मग कशी निस्तरली हे सांगायचं, तर सुरुवात खिचडीच्या पातेल्यापासून करायला हवी.

चिंचटेक हे घोटावडे आणि नेऱ्याच्या मधलं गाव. एका अंगाला भातखाचरं, दुसऱ्या अंगाला कारखान्यांचे पत्रे आणि वर टेकाला कातकऱ्यांची वाडी. भीमाबाई शिकली तेव्हा शाळा म्हणजे कौलारू एक खोली आणि एक गुरुजी. चौथीच्या पुढची शाळा घोटावड्याला, ओढ्यापलीकडे. पावसाळ्यात ओढा ओलांडून पोरीला कोण पाठवणार? तिचं शिक्षण तिथंच थांबलं आणि ते तिला अजून लागतं. लग्नही गावातल्या गावातच झालं, ज्ञानदेवाशी. तो एका कारखान्यात चिकटला. पुढे सरकारनं शाळेत शिजवलेलं अन्न द्यायचं ठरवलं, तेव्हा त्या वेळच्या गुरुजींनी भीमाबाईला बोलावून घेतलं.

पहिल्या दिवशी चाळीस पोरांची खिचडी शिजली आणि जेवायला बसली बावीस. बाकीची अठरा घरचे डबे उघडून भिंतीकडे तोंड करून बसली, कारण घरून तसं सांगून ठेवलं होतं. सांगणाऱ्यांत पुढे होता गेणबा, गावातल्या मोठ्या खटल्याचा कारभारी. त्याचा नातू शेखर तेव्हा तिसरीत होता. "आमचं पोरगं घरचंच खाईल," असं गेणबा गुरुजींना बजावून गेला. कुणाच्या हातचं नको, हे त्यानं उच्चारलं नाही. ते सगळ्यांनाच कळलं होतं. भीमाबाईला राग आला, चांगला सणसणीत आला. पण तो तिनं पोरांवर काढला नाही, फोडणीवर काढला. लसूण दुप्पट केला. तिसऱ्या आठवड्यात शेखर आपला भाजीभाकरीचा डबा शेजारच्याला देऊन ताट घेऊन रांगेत उभा राहिला. घरी कळेपर्यंत वर्ष सरलं होतं आणि भिंतीकडे तोंड करून बसणारं कुणी उरलंच नव्हतं. गेणबानं मात्र शाळेच्या स्वयंपाकघराचा उंबरा कधी ओलांडला नाही.

शाळा मग वाढली, मधे आटली आणि पुन्हा वाढली. भीमाबाई हा इतिहास पातेल्यावरून सांगते. पहिलं पातेलं चाळिसाचं. पुढे गावोगाव पिवळ्या बस फिरायला लागल्या, टाय लावलेली पोरं इंग्रजी शाळांत जाऊ लागली आणि एका जूनमध्ये पट सतरावर आला. सतरा पोरांना पातेलं कशाला, घरची कढई पुरत होती. शाळा आता बंद होणार अशी बोलवा उठली. त्याच वर्षी सुलक्षणाबाई मुख्याध्यापिका म्हणून आल्या. बाई अंगानं बारीक, पण एकदा मनावर घेतलं की पिच्छा न सोडणाऱ्या.

"गावात शाळेत न येणारी मुलं किती आहेत हो?" त्यांनी आल्या आल्या भीमाबाईला विचारलं.

"गावात न्हाईत. पन गाव कुटं संपतं ते आदी ठरवा," भीमाबाई म्हणाली.

दोघी मग सकाळी सकाळी कातकरवाडी चढल्या. हिंजवडीकडच्या बांधकामांवरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या धुंडाळल्या. बाई दाखल्याचं बोलत. भीमाबाई आयांना एवढंच सांगे, "दुपारचं माझ्याकडं. सांजचं तुमी बघा." वाडीवर पहिला होकार दिला गोरख आणि फुलाबाई या नवराबायकोनं. त्यांची थोरली पोरगी आली, तिच्यामागून धाकटी सोनम आली आणि त्यांच्यामागून वाडीच उतरली. आज पट एकशे अडुसष्ट आहे, खोल्या सात आहेत आणि पातेलं दोघींनी धरल्याशिवाय शेगडीवरून उतरत नाही. बिहारकडची पोरं पहिल्या आठवड्यात मराठीचा एकच शब्द शिकतात, 'अजून', आणि तो भीमाबाईकडे ताट धरून म्हणतात.

पण नुसत्या पटावर सुलक्षणाबाईंचं समाधान नव्हतं. त्यांनी दर शनिवारी बालसभा सुरू केली. जुलैत मंत्रिमंडळाची निवडणूक. चिंचटेकला चिंचोक्यांना काय तोटा, म्हणून मत म्हणजे चिंचोका. पडद्याआड मडकी मांडायची, प्रत्येकानं एकच चिंचोका टाकायचा आणि मोजणी सगळ्यांदेखत करायची. सभेत जे ठरेल ते वहीत उतरवायचं. लिहिणाऱ्याला सोडून दुसऱ्या कुणीतरी ते मोठ्यानं वाचायचं आणि मगच सह्या. सह्या कुणाकुणाच्या झाल्या तेही शेवटी वाचायचं. एकदा पोरांनी खुद्द बाईंचाच ठराव हाणून पाडला. मधली सुट्टी पाच मिनिटांनी कमी करायचा होता. बाईंनी दिवसभर गाल फुगवले, पण त्या मनातून खूश होत्या हे भीमाबाईनं ओळखलं. ती दाराशी लसूण सोलत हे सगळं ऐकायची. "ही पोरं उद्या आमदाराला घाम फोडत्याल," असं ती गावात सांगत सुटली होती.

यंदा आहारमंत्री झाली सोनम, चौथीतली, एकावन्न चिंचोक्यांनी. खिचडी वाढण्याआधी कुणीतरी मोठ्या माणसानं ती चाखायची, चव रजिस्टरात शेरा लिहायचा आणि सही करायची असा नियमच आहे. सुलक्षणाबाईंनी त्यात आपली भर घातली होती, की त्या सहीखाली आहारमंत्र्याचीही सही हवी. सोनमनं हे काम असं काही मनावर घेतलं, की भीमाबाईला उतारवयात सासू आल्यासारखं झालं. "आजी, मटकी कचकच लागती." "आजी, आज हळद लई." वर हे सगळं ती रजिस्टरात लिहून ठेवायची.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी भीमाबाईला घाई होती. तिनं रजिस्टर सोनमपुढे सरकवलं. "म्होरल्या आठवड्याच्याबी सह्या आत्ताच करून ठिव. रोज रोज कुटं पेन हुडकत बसायचं."

सोनमनं पेन खाली ठेवलं. "आजी, सोमवारची खिचडी अजून शिजली न्हाई. मी तिची चव कशी सांगू?"

"माझ्या हातची हाय. चांगलीच आसंल."

"मग सोमवारीच सांगते की."

भीमाबाई हसली आणि ही पोरगी लई नखऱ्याची आहे असं बाईंना सांगून घरी गेली. पोरीचं बोलणं महिन्याभरात आपल्याच कपाळावर येऊन आदळणार आहे, याची तिला कल्पना नव्हती.

डिसेंबरात दोन अनोळखी माणसं मैदानात यंत्र लावून मोजणी करून गेली. जाताना कोपऱ्यावरच्या दगडांना लाल रंग फासून गेली. सुलक्षणाबाई पंचायतीत जाऊन चौकशी करून आल्या, त्या हातात एका ठरावाची नक्कल घेऊनच. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या त्यांनी ती वाचून दाखवली. शाळेची ही रस्त्याकडची जागा दुकानांच्या गाळ्यांसाठी द्यायची. बदल्यात गाळे बांधणारा डंपरच्या रस्त्यापलीकडे, गायरानात, नवी शाळा बांधून देणार. दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव वाचून दाखवला, सर्वानुमते मंजूर. खाली शंभरावर सह्या. बाई सह्यांपाशी थांबल्या आणि त्यांनी कागद भीमाबाईपुढे धरला. चौदाव्या नंबरला तिची सही होती आणि तिचं शेपूट कडेला टेकलं होतं.

झालं होतं ते असं. ग्रामसभेला शंभर माणसं लागतात, आणि चिंचटेकला शंभर माणसं फक्त लग्नात जमतात. म्हणून वर्षानुवर्षांची रीत अशी, की सभा पंधरावीस जणांत उरकायची आणि दुसऱ्या दिवशी पंचायतीचा शिपाई कोंडिबा रजिस्टर काखोटीला मारून घरोघर, शेतोशेत सह्या गोळा करत फिरायचा. सह्यांच्या वरची जागा मोकळी असे. ठराव मागाहून सावकाश लिहिले जात. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. दारी आलेल्या कोंडिबाला चहा आणि सही दोन्ही द्यायची पद्धत होती. तीन ऑक्टोबरला तो शाळेत आला तेव्हा भीमाबाई डाळ धूत होती. तिनं हात पदराला पुसले, आपली झोकदार सही ठोकली आणि "च्या घिऊन जा रं" म्हणून पुन्हा डाळीकडे वळली.

"बाई," ती आता कशीबशी म्हणाली, "मी माज्या हातानं शाळा दिऊन बसले व्हय?"

रस्ता ओलांडणं म्हणजे काय, हे तिला कुणी समजावायला नको होतं. वाडीवरची छत्तीस पोरं बांधाबांधानं चालत शाळेत येतात. त्यांना डंपरमधून वाट काढायला लावली, तर पहिल्या महिन्यात धाकटी घरी बसतील आणि दुसऱ्या महिन्यात त्यांना सांभाळायला थोरल्या पोरी घरी बसतील. एका ओढ्यापायी आपली चौथी शेवटची कशी ठरली, ते ती विसरली नव्हती.

"तुमी बोला की सभेत," ती म्हणाली.

"मी सरकारी नोकर, भीमामावशी. त्यातून या गावची मतदारही नाही," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "मत तुम्हाला आहे."

गावात बातमी पोचायला वेळ लागत नाही. दोन दिवसांनी शेखर स्वयंपाकघरात हजर. डबा देऊन खिचडी खाणारा तो शेखर आता सरपंच झाला होता. पोरगा वाईट नाही, हे भीमाबाई आजही म्हणते. त्याला घाई फार, एवढंच.

"मावशी, नवी शाळा दुमजली हाय," तो म्हणाला. "टाइल्स, संगनकाची खोली, तुला धूर वडनारा पंखा. ह्या गळक्या खोल्यांत पोरं किती दिस बसवायची?"

"आन रस्ता?"

"त्याचं म्होरं बघू. गतिरोधक टाकू."

"गावाला इचारलं का न्हाईस?"

"इचारलं आसतं तर वरीस भांडन्यात गेलं आसतं. सह्या हायेतच की. तुजीबी हाय." मग त्यानं आवाज खाली आणला. "सभेत उभी ऱ्हायलीस तर लोक तुलाच हसतील, मावशी. न वाचता सही केली म्हनून. आन तुजं काम दरसाल शाळंच्या समितीतनंच म्होरं जातं, ते बघ."

ही धमकी होती की काळजी, हे त्याचं त्यालाही ठाऊक नसावं. भीमाबाईनं त्याला खिचडी वाढली. तो खाऊन गेला.

कामाची तिला धास्ती नव्हती. एकशे अडुसष्ट पोरांचं पातेलं उचलायला गावात कुणी रांग लावून उभं नव्हतं. तिला भीती वाटली ती हसण्याची. गावात मिरवावी अशी तिच्याकडे एकच चीज, ती सही. तिचीच फजिती चारचौघांत आपल्या तोंडानं सांगायची. महिनाभर तिला घास गोड लागला नाही.

"समद्यांनीच केलीया सही," ज्ञानदेव म्हणाला. "तू येकलीच कशापायी जिवाला लावून घेतीस?"

"समद्यांनी केली म्हनूनच," ती म्हणाली.

सव्वीस जानेवारी आली. प्रभातफेरी झाली, झेंडा फडकला, पोरांची कवायत झाली. एकशे अडुसष्ट पोरांचे आईबाप आणि आजीआजोबा मैदानात होतेच, त्यामुळे यंदा ग्रामसभेला माणसं आयतीच जमली. गोरख आणि फुलाबाई वाडीवाल्यांना घेऊन खाली उतरले होते. पहिल्या रांगेत खुर्चीवर ब्याऐंशी वर्षांचा गेणबा. एवढी माणसं समोरच बघून कोंडिबानं सभेआधीच रजिस्टर फिरवायला घेतलं. खाली सह्यांच्या ओळी, वर कोरं पान. ते भीमाबाईपुढे आलं आणि त्यानं पेन तिच्यासमोर धरलं.

"आज न्हाई," भीमाबाई म्हणाली. "अजून चव घेतली न्हाई."

कोंडिबाला काही उमगलं नाही. भीमाबाई उठून उभी राहिली. तिचा आवाज एकशे अडुसष्ट पोरांना हाका मारून तयार झालेला.

"सरपंच," शेखरला तिनं अशी हाक पहिल्यांदाच मारली, "दोन आक्टोबरच्या ठरावावर माजी सही हाय. मी तो वाचला न्हाई आन ऐकलाबी न्हाई. मी डाळ धूत व्हते. कोऱ्या पानावर सही केली, ही माजी चूक. चौथी शिकल्याली बाई मी, मला ते शोभत न्हाई. हसायचं त्यांनी हसून घ्या."

दोघेचौघे हसलेही. तिनं त्यांना पुरतं हसू दिलं.

"आता तो ठराव मोठ्यांदी वाचा," ती म्हणाली.

ठराव लांबलचक आहे, वेळ फार जाईल, अशी ग्रामसेवकांनी कुरकुर केली. "वाचनारी हाय आमच्याकडं," भीमाबाई म्हणाली आणि तिनं सोनमला पुढे बोलावलं. माईक तिच्या डोक्याच्या वर होता. तिनं तो बाजूला सारला आणि शनिवारी वाचते तशी खड्या आवाजात सुरुवात केली. गट नंबर, क्षेत्र, गाळे, गायरान, सर्वानुमते मंजूर. ठराव संपला तरी ती थांबली नाही, कारण बालसभेत सह्यांची नावंही वाचतात.

चौथ्या नावाला मागून आवाज आला, "मी? मी तर त्या दिशी भातावरची पाखरं हाकत व्हतो." सातव्या नावाची बाई तेव्हा माहेरी होती. तिची सही जावेनं केली होती, आणि जाऊबाई पदरात तोंड लपवून बसल्या. मैदानात हशा पिकला. तो आता भीमाबाईवर नव्हता. अकरावं नाव सोनमनं वाचलं ते गेणबाचं.

गेणबानं काठीवर भार देऊन मान वळवली. "शेखर, घरात कोंडिबा आला, मी सही केली. कशावर केली ते तू मला सांगितलं न्हाईस."

"आबा, घरचीच गोष्ट म्हनून…"

"घरच्याला तर आदी सांगायचं." म्हातारा सोनमकडे वळला. "वाच गं पोरी. थांबू नगंस."

"चौदा. भीमाबाई ज्ञानदेव ओव्हाळ."

"हाय. माजीच हाय," भीमाबाई म्हणाली.

यादी संपली तेव्हा गोरख उभा राहिला. सभेत तो आयुष्यात बोलला नव्हता. "आमच्या वाडीतलं येकबी नाव ह्यात न्हाई," तो म्हणाला. "आमची छत्तीस पोरं हायेत शाळंत." एवढंच बोलून तो बसला.

शेखरनं माईक हातात घेतला. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर आवाज चढवला असता. भीमाबाईच्या खिचडीवर वाढलेल्या पोरानं तसं केलं नाही. "मोठ्यांदी वाचायला पायजे व्हतं," तो म्हणाला. "चुकलं." मग हात वर झाले. जुना ठराव रद्द. शाळा आहे त्याच जागी राहील, खोल्यांवर नवा मजला चढेल आणि तसा प्रस्ताव पंचायत जिल्ह्याला पाठवील. ग्रामसेवकांनी तिथंच बसून तो लिहिला आणि सोनमनं वाचला. त्या दिवशी कोंडिबाला रजिस्टर घेऊन कुठं फिरावं लागलं नाही. माणसं रांग लावून आली, वाडीवरची सगळ्यांत आधी. भीमाबाईनं आपली सही सावकाश केली आणि शेपूट कडेला नेऊन टेकवलं.

दुसऱ्या दिवशी खिचडी उतरायच्या वेळेला गेणबा काठी टेकत शाळेत आला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभा राहून त्यानं सुलक्षणाबाईंना विचारलं, "त्या चवीच्या रजिस्टरात गावातलं मानूस सही करू शकतं का?"

"करू शकतं की, आबा. या ना."

बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं तो उंबरा ओलांडला. स्टुलावर बसला, खिशातून पेन काढलं आणि सवयीनं आधी सहीच करायला निघाला. सोनमनं पानावर हात ठेवला.

"आदी खावा, आजोबा."

भीमाबाईनं ताटलीत दोन डाव वाढले आणि ती त्याच्यापुढे ठेवली. गेणबानं एक घास घेतला, मग दुसरा. सुलक्षणाबाई पातेल्याकडे बघत होत्या. भीमाबाई मात्र सरळ म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. इतकी वर्षं तिला ते बघायचंच होतं.

"मीठ कमी हाय," गेणबा म्हणाला.

"मग तसं लिवा," भीमाबाई म्हणाली.

त्यानं तसं लिहिलं आणि खाली सही केली. मग पेन खिशाला लावून त्यानं रिकामी ताटली तिच्यापुढे धरली.

"अजून," तो म्हणाला.